काठावरची देवकाबाई

पुलगावचा प्रफुल लग्नांचे फोटो काढतो. माणूस लाख मोलाचा, पण तोरा भारी. दुसऱ्याकडे नाही ते आपल्याकडे हवं. त्यात हळदीचे कार्यक्रम एवढ्याशा खोलीत. प्रफुलची पाठ भिंतीला टेकायची, तरी निम्मे नातेवाईक फोटोबाहेर राहायचे आणि मग वर्षभर त्याच्या नावानं बोटं मोडायचे. म्हणून तो नागपूरला रुंद लेन्स घ्यायला गेला.

दुकानदार भूपेंद्रनं दोन लेन्स पुढे ठेवल्या. एकीत जरा कमी माणसं मावायची. दुसरीत अख्खी खोली यायची, पण काठावरचा माणूस ताणला जायचा. "हे घेशीन तं मानसं मधात घेजो," भूपेंद्रनं बजावलं. प्रफुलनं मान डोलावली आणि अर्थातच दुसरी घेतली.

पहिलं काम आंजीला निघालं, रीताच्या हळदीचं. रीताची आई देवकाबाई विधवा. हळद सुवासिनींनी लावायची, म्हणून जिनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून लेकीला शिकवलं, तीच दाराच्या चौकटीला चिकटून उभी. आईला माझ्याजवळ बसवा, असं रीता म्हणाली. तशी आत्या-काकूंची तोंडं वाकडी झाली. प्रफुलनं ते पाहिलं. भूपेंद्रचं बोलणंही त्याला आठवलं. पण वाईटपणा कोण घेणार? शिवाय नवी लेन्स मिरवायची होतीच.

"राहू द्या तिथंच," तो म्हणाला. "या लेन्समंधी सारेच येतात."

सारे आले. अल्बम उघडला तेव्हा मधली रीता नीटस दिसत होती, आणि काठावरच्या देवकाबाईचं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांबलं होतं. घरात हशा पिकला. देवकाबाईही तोंडाला पदर लावून हसली. प्रफुल लेन्सवर खापर फोडून मोकळा झाला. पण माहीत असून आपण हे केलं, याची त्याला लाज वाटत होती.

पुढच्या आठवड्यात जुनी लेन्स घेऊन तो पुन्हा आंजीला गेला. देवकाबाईचा एकटीचा चांगला फोटो काढायचा होता. भिंतीवर हळदीचा तोच फोटो फ्रेममध्ये लावलेला दिसला, एका बाजूनं कापलेला. त्यात दाराची चौकट नव्हती आणि देवकाबाईही नव्हती.

"मीच कापलं बापू," चहा पुढे ठेवत ती म्हणाली. "रीताच्या सासरचे येतात. माह्यानं साऱ्या फोटोची शोभा जाय."

प्रफुलला वर बघवेना. "काकू, चूक लेन्सची नव्हती," तो कसंबसं म्हणाला. "माही होती. तुमाले मधात घ्याले पायजे होतं."

त्यानं अंगणाच्या मधोमध खुर्ची मांडली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. देवकाबाईनं पदर सारखा केला, आणि ती सवयीनं जाऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.