तावदानावरचं बोट

काळ्या कागदाला एक भोक आहे, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यातून आजही उजेड येतो. हातभर तावदान, त्यावर विटून करडा पडलेला कागद... आणि नाक जवळ नेलं की खळीचा आंबूस वास येतो, निदान मला तरी येतो. युद्धाच्या काळातल्या मुलांच्या वस्तू आणि आठवणी जमवणारी ज्योत्स्ना अमरावतीच्या माझ्या घरी आली, तेव्हा मी तिच्यापुढे हेच ठेवलं. दुसरं होतं काय माझ्याजवळ? आमच्या अकोल्यावर बॉम्ब पडला नाही. युद्ध आमच्या घरात आलं ते भोंग्यातून.

एकाहत्तरचा हिवाळा, कापसाचा हंगाम. मी सहा वर्षांची. बाबा परतवाड्याला आरागिरणीवर, आणि माय जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. एरवी मी दिवसभर अंगणात हुंदडायची. पण लढाई लागली आणि माय जाताना बाहेरून कडी घालू लागली. एक खोली, एक खिडकी, आणि तिच्या काचांवर ज्वारीच्या पिठाच्या खळीनं चिकटवलेला काळा कागद. दुपारी बाहेर लख्ख ऊन असायचं आणि आत रॉकेलचा, ओल्या भिंतीचा, शिळ्या अंधाराचा वास... कडीचा आवाज मला मुळीच सहन व्हायचा नाही. जिनाकडून येणारा रस्ता तरी दिसावा म्हणून मी नखानं कागद खरवडला.

जिनाचा भोंगा सरळ, लांब वाजला की सुटी झाली, माय निघाली, एवढं मला ठाऊक होतं. लढाईत त्याच भोंग्याला नवं काम लागलं. वरखाली रडत वाजला की धोका. सरळ, लांब वाजला की धोका टळला. म्हणजे सरळ भोंग्याचे आता दोन अर्थ झाले, आणि आत्ताचा कोणता, हे सांगायला घरात कोणी नव्हतं. एवढी जय्यत तयारी करणाऱ्या मोठ्या माणसांच्या डोक्यात हे कसं आलं नाही, याचा मला अजूनही राग येतो.

त्या संध्याकाळी शेजारच्या सुलोचनाकाकू नेहमीसारख्या आल्या, कंदील लावला, वात बारीक केली, कडी घालून गेल्या. थोड्याच वेळात भोंगा वरखाली रडू लागला. मग बाहेरून त्यांचाच आवाज आला, "मंगले, तुह्या खिडकीतून उजेड दिसून राहिला वं! इमानाले दिसला तं जिनावर बाम टाकीन ते!"

जिनावर... म्हणजे मायवर. मी धावत जाऊन भोकावर बोट दाबलं. कंदील विझवला असता तर प्रश्नच मिटला असता. पण विमान मी कधी पाहिलं नव्हतं, अंधार मात्र रोज पाहत होते. बोट काढावं तर विमानाला दिसणार, न काढावं तर येणारी माय मला दिसणार नाही. काच थंडगार. बोटाला मुंग्या आल्या, पाय भरून आले, नाक वाहत होतं आणि पुसायची सोय नव्हती... मग भोंगा सरळ, लांब वाजला. धोका टळला, की सुटी झाली? मी बोट हलवलं नाही.

केव्हातरी कडी वाजली. माय दारात उभी होती. केसांत, भुवयांत कापूस अडकलेला. अंगाला सरकीचा उग्र, तेलकट वास.

"काहून उभी राहिली अशी?"

"माय वं, बोट काढू काय?"

तिला काही कळलं नसावं. तरी ती म्हणाली, "काढ न बाई. आली न मी."

लढाई संपल्यावर मायनं बाकीच्या काचा घासून लख्ख केल्या. ही एक मी तिला धुऊ दिली नाही. घर सोडताना चौकटीतून काढून सोबत आणली. माय जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

हे सारं ज्योत्स्नानं ध्वनिमुद्रित करून घेतलं. मग फोटोसाठी तिनं तावदान खिडकीशी उभं केलं. मी ते धरून होते. बोट कधी भोकावर गेलं, मला समजलं नाही.

"मावशी, बोट काढा न जरा. भोक दिसलं पाहिजे फोटोत."

"काढतो बाई," मी म्हटलं. "माय येऊ दे."