पहिलं बटण

कुसुमताई कॉर्डलेस फोन हातात द्यायची आणि म्हणायची, "डोळे मीट. आता पहिलं बटण दाब." अंगठा चुकला की पुन्हा. चांगले मिशीवाले फोरमन तिच्यापुढे डोळे मिटून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. कोणी हसलं तर म्हणे, "हसतोस काय? घाबरल्यावर कोण बघून दाबतो रे?"

नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका रसायन कारखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती आणि मी मॅनेजरांच्या ऑफिसात टायपिस्ट. ती पेणजवळच्या मिठागरवाल्यांच्या घरातली, रोज एसटीने यायची. प्रत्येक विभागाला कॉर्डलेस फोन आले तेव्हा त्यांची बटणं तिनेच लावली. प्रोग्राम दाबायचं, मग हवं ते बटण, मग नंबर. बीप आला की झालं; पुढे ते एकच बटण दाबलं की थेट तो नंबर लागायचा. बाकीची बटणं ज्याला हवी तशी. पहिलं मात्र सगळीकडे प्रथमोपचार खोलीचं. "त्याच्यावर वाद नाय," ती म्हणे.

नवे मॅनेजर आले. त्यांना पहिल्या बटणावर आपली केबिन हवी होती. निरोप घेऊन मीच गेले.

"प्रथमोपचार चौथ्यावर टाका म्हणतात."

"फोनातलं बदलेन गो, अंगठ्यातलं कसं बदलू? लेखी आण."

"साहेब असलं काही लेखी देत नाहीत, कुसुमताई. टाका करून. माझ्यामागे कटकट नको."

तिने केलं. मग प्रत्येक विभागात जाऊन सगळ्यांकडून चौथं बटण दाबून घेतलं. अ‍ॅसिडच्या टाकीवरच्या शांतारामकडूनही.

महिन्याभरात पाइपाचा जोड सुटला आणि अ‍ॅसिड शांतारामच्या तोंडावर उडालं. जेवणाची सुट्टी, तो एकटाच. डोळे उघडेनात. चाचपडत त्याने फोन घेतला आणि पहिलं बटण दाबलं. साहेब बंगल्यावर जेवायला गेले होते. केबिनमध्ये फोन वाजत राहिला. बाहेर डबा खाताना मी तो ऐकला. साहेबांच्या फोनला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. मी जेवत राहिले.

त्याचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीत टिपणं घ्यायला मी होते.

"बटणं कोणी बदलली?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"साहेबांच्या."

"लेखी आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. ते मी लिहून घेतलं. त्याच आठवड्यात तिला काढलं.

पुढे पेणला एका गणपतीच्या कारखान्यात ती दिसली. मूर्तींना पॉलिशपेपर मारत होती, भुवयांपर्यंत पांढरी झालेली. माझी खुशाली विचारली नाही.

"पहिलं बटण परत प्रथमोपचाराचं केलं का गो?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं." ती पुन्हा मूर्ती घासू लागली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कॉर्डलेस उचलला, डोळे मिटले आणि पहिलं बटण दाबलं.

"बोला," केबिनमधून साहेबांचा आवाज आला.

"चुकून लागला, साहेब," मी म्हणाले.