बाबांना मी नरकात ठेवलं

"बाबांना खाली ठेव," वसुधा आंटी म्हणाल्या. "तुझ्या हाताने ठेव. म्हणजे लक्षात राहील."

राहिलं लक्षात.

मी नऊ वर्षांची. मयूर विहारमधला त्यांचा फ्लॅट, रविवारची सकाळ, दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मुलांचं संडे स्कूल. भिंतीला टेकवलेला मोठा फळा. त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर निळं कापड, तो स्वर्ग. खाली लाल, तो नरक. प्रत्येकाने आपापल्या घरच्या माणसांची कागदी चित्रं कापून आणायची आणि त्यावर टाचायची. मी आई, बाबा आणि मी, तिघांना वर लावलं होतं. बाबांना चष्मासुद्धा काढला होता.

"बाबांचा बाप्तिस्मा झालाय?"

"नाही."

"मग ते वर कसे? बायबलचं वचन काय सांगतं?"

मी टाचणी काढली. बाबांना लाल कापडावर लावलं. आंटींनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि मला चॉकलेट दिलं. ते मी खाल्लं. टाळ्यांचं एक वेळ सोडून देईन, पण ते चॉकलेट मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

ह्या आंटींचा नवरा मोठा सरकारी अधिकारी. आपले पणजोबा ब्राह्मण होते, हे त्या एक रविवार सोडून एक रविवार सांगायच्याच. जानवं सुटलं, तोरा सुटला नाही. आम्ही गाझियाबादचे. आई नगरकडची ख्रिस्ती, बाबा बौद्ध. बाबा गेटपर्यंत स्कूटरवर सोडायला यायचे आणि तिथेच थांबायचे. वर या, असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही. एकदा आंटी आईला माझ्यासमोर म्हणाल्या, "तुमच्या लोकांना मिशनने हाताला धरून वर आणलं, तरी हट्ट काही जात नाही." आई चहाचा कप सावरत हसली. मला त्या हसण्याचा अर्थ बऱ्याच उशिरा कळला.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्ज त्यांच्या टेबलावरून वर जायचे. निर्णय त्यांच्या हातात नव्हता, ते फक्त टिपण तयार करायचे. पण कागद एकेक वाचायचे. खुन्याच्या आईचं वेड्यावाकड्या हिंदीतलं पत्रसुद्धा. त्या रविवारी घरी जाताना मी रडत रडत फळ्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी स्कूटर बाजूला घेतली.

"किती वर्षं ठेवतात तिथे?"

"कायमचं."

"अपील?"

"नाही."

"दयेचा अर्ज?"

"नाही."

"अच्छा. म्हणजे आमचं खातंच बरं."

आणि पुढच्या रविवारी पुन्हा सोडायला आले. कारण आईला ते हवं होतं.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. चौथ्या दिवशी चर्चची मंडळी घरी प्रार्थनेला आली. वसुधा आंटी आता ऐंशीच्या घरात. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. आईने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "ते आत्ता कुठे असतील हो?"

चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचा साधा प्रश्न. देवाला ठाऊक, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"देव दयाळू आहे," आंटी म्हणाल्या. "पण न्यायीसुद्धा आहे ना. चाळीस वर्षं होती तुझ्याकडे. तू त्यांना प्रभूकडे आणलं नाहीस."

म्हणजे जळायचं बाबांनी आणि दोष आईचा. तिने आंटींचा हात आणखी घट्ट धरला. मला किळस आली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला चापट मारली नाही, त्याला कधीच न संपणारी शिक्षा, आणि ह्याला न्याय म्हणायचं. चौकीतला हवालदारसुद्धा मारून मारून दमतो. हा देव दमत नाही, आणि तरी तो दयाळू. ह्यांची दया म्हणजे क्लबची मेंबरशिप. कार्ड दाखवा, आत या.

आंटींनी डोळे मिटले. "प्रभू, गेलेल्याचं जे व्हायचं ते झालं. ह्या घरातल्या जिवंत माणसांना तरी त्या आगीतून वाचव."

वीस माणसं माना खाली घालून म्हणाली, "आमेन."

"नाही," मी म्हणाले. मोठ्याने.

सगळ्यांचे डोळे उघडले. आंटी म्हणाल्या, "दुःखात माणूस काहीही बोलतं, बेटा."

"दुःखात नाही बोलत. माझे बाबा खुन्याचाही कागद शेवटपर्यंत वाचायचे. तुम्ही तीस वर्षांत त्यांना एकदा घरात बसवलं नाहीत. त्यांची शिक्षा ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी नाही ठरवत. वचन ठरवतं."

"मग त्याला ह्या घरातून आमेन मिळणार नाही."

मंडळी उठली. समोसे तसेच राहिले.

दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एक आमेन म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? आता तुझंही नाव तिकडेच."

"असू दे," मी म्हणाले.

आई अजून दर रविवारी जाते आणि रडून परत येते. मी तिला अडवत नाही. पण ती माणसं माझ्या उंबऱ्याच्या आत आता येत नाहीत, येणारही नाहीत. देव आहे की नाही, मला माहीत नाही. असेल तर तो निदान माझ्या बापाइतका तरी दयाळू असावा, एवढीच माझी अट आहे. तेवढंही त्याला जमत नसेल, तर त्याचा स्वर्ग त्याने खुशाल वसुधा आंटींना द्यावा. मी तिथे पाऊल ठेवणार नाही.