तिसरा प्लग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गॅरेजमधल्या माणसांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच बोलणं जमेल. बघतो, जमतंय का.

सोलापुरात भवानी पेठेच्या मागच्या अंगाला माझं गॅरेज आहे. हेडचं काम म्हटलं की लोक माझं नाव घेतात. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. तो उतरवायचा, खालची गॅस्केट, म्हणजे पाणी आत झिरपू नये म्हणून मधे घालतात तो पातळ पत्रा, बदलायची, पुन्हा बसवायचा. त्या नावाचा मला फार अभिमान होता. पुढचं सगळं अभिमानापायी झालं, असं म्हणायला बरं वाटतं. पण ते खरं नाही. मी भ्यालो होतो.

एका डॉक्टरांची पेट्रोल गाडी होती. ती मल्लप्पा चालवायचे. अक्कलकोटकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना अण्णा म्हणायचो. अकरा वर्षं एकाच घरी नोकरी. त्या गाडीचं हेड मी उतरवलं. उतरवलेलं हेड लेथवाल्याकडे पाठवायचं, सपाट आहे का ते बघून घासून घ्यायचं, अशी आमची रीत. त्या दिवशी लेथवाल्याचं दुकान बंद होतं आणि डॉक्टरांना गाडी दुसऱ्या दिवशी हवी होती. मी हेडवर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि डोळ्यानंच पाहिलं. पट्टीखाली कुठे उजेड दिसला का? दिसला. केसाएवढा. गॅस्केट दाबून घेईल, असं मनाशी म्हटलं आणि बोल्ट आवळले. हेड घासून घेतलं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा हो म्हणालो.

महिन्याभरानं मल्लप्पा आले. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होतंय, आठवड्याला दोन बोटं. मी पाइपांच्या क्लिपा बदलल्या. रेडिएटरचं टोपण बदललं. पंप हात लावून पाहिला. कुठे थेंब नाही. तेही गप्प बसणारे नव्हते. कूलंटच्या बाटलीवर दर सोमवारी पाणी असेल तिथे पेनानं रेघ मारायचे, शेजारी तारीख. रोज गाडीखाली पुठ्ठा अंथरायचे, आणि एकदा तो पुठ्ठाच घेऊन आले. ‘बघा मिस्त्री, कोरडा ठाक हाय. मग पानी जातंय कुटं?’

आणखी एक त्यांनीच हेरलं होतं. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की मिनिटभर पांढरा धूर येतो, गोडसर वासाचा. मी म्हणालो, थंडीनं येतो तसा. ‘एप्रिल हाय की हो!’ ते हसत सुटले. ‘सोलापुरात एप्रिलात थंडी? मग सांगा की, सुटर घालून येतो उद्या.’

मीही हसलो. काय करणार होतो?

त्यांना चहा सांगायला पाठवलं आणि स्पार्क प्लग काढले. चारांपैकी तीन तपकिरी, नेहमीसारखे. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र पांढरा स्वच्छ, धुऊन ठेवल्यासारखा. प्लग असा केव्हा होतो? त्या सिलिंडरमध्ये पाणी जातं तेव्हा. गॅस्केटमधून, त्या केसाएवढ्या उजेडाच्या जागेतून. मला तिथेच सगळं कळलं. मी प्लग परत बसवला. ते चहा सांगून आले तेव्हा म्हणालो, ‘काही नाही अण्णा, पाणी टाकत राहा.’

वैरागच्या रस्त्यावर गाडी उकळली. डॉक्टर आणि त्यांची बायको लग्नाला निघाले होते. तापमानाचा काटा वर जाताना दिसताच मल्लप्पांनी गाडी बाजूला घेतली होती, ते मला नंतर कळलं. गाडी ओढून माझ्याकडे आणली. मालक यायच्या आत मी थिनरचा बोळा घेऊन बाटलीवरच्या सगळ्या रेघा पुसल्या.

डॉक्टर आले. मल्लप्पा पुढे होऊन म्हणाले, ‘साहेब, मी रोज बगतोय, ह्या बगा खुना...’ आणि बाटलीवरून बोट फिरवत राहिले. मग स्वतःच म्हणाले, ‘गरम पान्यानं गेल्या वाटतं.’ मला वाचवणारं कारणही त्यांनीच शोधून दिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘रोज सकाळी पाणी बघितलं असतं तर ही वेळ आली नसती.’

एवढंच एक वाक्य. त्याच आठवड्यात मल्लप्पांची नोकरी गेली.

मग मी हेड पुन्हा उतरवलं. गाडी उकळल्यानं वाकलं, असं सांगितलं. या वेळी लेथवर नीट घासून घेतलं, नवी गॅस्केट घातली, आणि कूलंट एक थेंब कमी होईना. डॉक्टर खूश झाले. ‘ड्रायव्हर बदलला आणि पाणी थांबलं, बघा,’ असं ते त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगायचे, माझ्यासमोर. त्यानंतर मल्लप्पांना त्यांच्यापैकी कुणी गाडीवर ठेवलं नाही.

तीन-चार महिन्यांनी मल्लप्पा गॅरेजवर आले. काम मागायला नाही, भांडायलाही नाही. दारातच उभे राहिले.

‘पानी थांबलं म्हनत्यात.’

‘थांबलं, अण्णा.’

‘कुटनं जात हुतं ओ?’

त्यांना फक्त कळायला हवं होतं. डॉक्टरांना सांगायची गरज नव्हती, चार माणसांत कबूल करायचं नव्हतं. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो. हेडमधून, एवढा एक शब्द पुरला असता. त्या शब्दानं माझं काय जाणार होतं?

मी म्हणालो, ‘काही सापडलं नाही.’

‘मग माजंच बगन्यात काय चुकत आसंल,’ ते म्हणाले, आणि गेले.

या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली. ते आता गावी असतात, मुलाजवळ. एसटीनं तासाभराचा रस्ता आहे. मी गेलेलो नाही.