भिंगबाई आणि सातवा रंग

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मुलं भिंगबाई म्हणतात, आणि ते त्यांना ठाऊक आहे. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण भिंग असतंच. चहात मुंगी पडली तरी आधी भिंगाखाली धरणार, मग बाहेर काढणार. मी चित्रकला शिकवतो. माझ्या वर्गात नळ नाही, म्हणून ब्रश धुवायला त्यांच्या प्रयोगशाळेत जातो. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे, ऐकीव नाही.

बाई थोरल्या बहिणीकडे राहतात. बहिणीची मुलगी सातवीत, बाईंच्याच वर्गात. वर्गात 'बाई' आणि 'तुम्ही', शेवटची घंटा झाली की 'मावशी' आणि 'तू', असा दोघींचा करार. पोरगी लहानपणापासून मावशीच्या मागे शेपटासारखी. "मावशी, वर फेकलेला चेंडू खाली यायच्या आधी थांबतो का गं, जरासा तरी?" असले प्रश्न ती जेवतानाच विचारायची, आणि दोघींची ताटं गार व्हायची. "हिला जे दिसतं ते मलाही दिसत नाही," असं बाई स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगायच्या.

प्रकाशाचा धडा होता. खिडकीला काळा कागद, त्याला बारीक चीर, उन्हाच्या वाटेत लोलक आणि भिंतीवर रंगांचा पट्टा. किती रंग दिसतात, असं बाईंनी विचारलं. वर्गाने वर मानसुद्धा न करता 'तानापिहिनिपाजा' म्हणून सात मोजून टाकले. भाची म्हणाली, "मला पाच दिसतात."

"नीट बघ."

ती भिंतीला नाक लावून आली. "पाचच आहेत, बाई."

मागे कोणीतरी खुसखुसलं. तास संपत आला होता, धडा अर्धा राहिला होता आणि घरच्याच पोरीने फाटा फोडलेला. बाईंचा पारा चढला. "सात दिसेपर्यंत तिथेच उभी राहा."

खरं सांगायचं तर, जन्मभर रंग कालवूनही निळा कुठे संपतो आणि पारवा कुठे सुरू होतो, हे त्या पट्ट्यात मलाही दाखवता येणार नाही. पण दुसऱ्याच्या तासात तोंड घालू नये. थोड्या वेळाने पोरगी म्हणाली, "दिसले सात." बाई "शाब्बास" म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

पुढच्या आठवड्यात शेवटच्या तासाला लंबक होता. मीटरभर दोरा, टोकाला लोखंडी नट. दहा झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. वीस सेकंदांच्या आसपास येईल, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं. कोणाचे एकोणीस आले, कोणाचे बावीस. भाचीचे नेमके वीस. बाई खूश झाल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर दोरे सोडताना त्यांचा हात थांबला. भाचीचा दोरा निम्माच होता. रीळ संपलं तेव्हा उरलेला तुकडा बाईंनीच तिला दिला होता. जोडून देते म्हणाल्या आणि विसरल्या. आखूड दोरा भराभर झुलतो. बाईंनी स्वतः मोजून पाहिलं. चौदा.

भाची दप्तर घेऊन दारात थांबली होती. "तुला किती आले होते गं?" बाईंनी विचारलं.

"चौदा."

"मग वीस का सांगितलंस?"

"चौदा म्हटलं असतं तर तुम्ही उभं केलं असतं." ती अगदी साधेपणाने म्हणाली. रागाचा लवलेश नव्हता.

बाई स्टुलावर बसल्या. मी नळ बंद केला. "मास्तर," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ही बघायची हो. मी हिला बघायचं सोडायला शिकवलं." नाही हो, असं म्हणणं खोटं झालं असतं.

मग त्या उठल्या, कपाटातून लोलक काढला आणि खिडकीशी गेल्या. "त्या दिवशी तू पाच म्हणालीस ते चूक नव्हतं. चूक माझी होती. आता पुन्हा बघ आणि दिसतील तेवढेच सांग. कोणी रागावणार नाही."

बाई लोलक फिरवत होत्या, रंग अजून भिंतीवर यायचे होते. घंटा केव्हाच झाली होती. भाचीने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"पाच," ती म्हणाली. "बरोबर ना, बाई?"