एसटीत बसलेलं रेडकू

आमच्या पेठेतल्या तालमीने मुलांसाठी पुस्तकांचं कपाट करायचं ठरवलं आणि पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की पेठेत गॅलरीत वाचत बसणारी बाई मी एकटीच. मी हरखून गेले. तो आनंद दुपारपर्यंत टिकला, कारण दुपारी वस्ताद आले.

वस्ताद तालमीत कुस्ती शिकवतात. अंगाने दाराएवढे रुंद. मी आणलेलं एकेक पुस्तक त्यांनी तळहातावर घेऊन तोललं. जड लागलं ते ठेवायचं, हलकं ते परत. वेढ्याच्या दिवसांत पन्हाळ्यावरचे लोक काय शिजवून खात असतील, यावरचं एक देखणं, पातळ पुस्तक होतं. ते चाळून म्हणाले, "ह्यात लढाई कुठाय? नुस्ता सैपाक हाय."

मग गोष्टींची पुस्तकं. सगळ्यात वरच्या पुस्तकातच म्हशीचं एक रेडकू एसटीत चढून आजऱ्याला जातं.

"वैनी, पोरास्नी खरं वाचाय द्या की. रेडकू कवा एसटीत बसलंय व्हय?"

माझं डोकंच फिरलं. गोष्टी नसतील तर तुमचं कपाट तुम्हीच भरा, असं मी तोंडावर सांगितलं. पण आमच्या पेठेत कुठलाही वाद मिटवायची एकच रीत आहे: कुस्तीसारखी जोड लावायची. इतिहास विरुद्ध गोष्ट, संध्याकाळी, तालमीत, पोरांसमोर. पंच वस्तादच. यावर मी हरकत घेतली, ती कुणी ऐकली नाही.

आधी वस्तादांनी जाडजूड इतिहास वाचला. दुसऱ्याच पानावर लढाई आली आणि पोरं उठली. शत्रू व्हायला कुणीच तयार नव्हतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी आपलंच सैन्य एकमेकांवर तुटून पडलं. वस्ताद कौतुकाने बघत राहिले.

नंतर मी रेडकाची गोष्ट काढली. पोरं मांडी घालून गप्प बसली. रेडकू आजऱ्याच्या स्टँडवर उतरलं, इकडे म्हशीने चारा सोडला, ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि तेवढ्यात वस्तादांनी शिट्टी मारली. जोर-बैठकांची वेळ झाली होती.

"इतिहास जितला," त्यांनी निकाल दिला. "त्यो ऐकून पोरं लढली. तुमच्या गोष्टीत नुस्ती बसून ऱ्हायली."

असा पंच मी जन्मात पाहिला नव्हता. गोष्टींचा गठ्ठा आणि तो बिचारा सैपाक उचलून मी घरी आले आणि रागाच्या भरात वरणात दोनदा मीठ घातलं.

सकाळी दार वाजलं. दारात वस्ताद. अंगाला तालमीची तांबडी माती तशीच. माझ्या तुळशीकडे बघत त्यांनी विचारलं,

"रेडकू घावलं काय?"

मी कशाला सोडते. "वस्ताद, खोटं आहे हो ते सगळं."

"ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्या म्हशीला कुठं ठावं हाय? रातभर उभी असंल की ती."

माझा सगळा राग तिथेच विरघळला. मी आत जाऊन गोष्टींचा अख्खा गठ्ठा आणला, पन्हाळ्याचा सैपाक हळूच मध्ये सरकवला आणि त्यांच्या हातांवर ठेवला. त्यांनी वजन केलं नाही. रेडकाचं पुस्तक तेवढं वर काढलं आणि जिन्यातच वाचायला बसले.