फॅट मशीनवाला

आमच्या दूध केंद्रावर ज्या फॅटवर भाव ठरतो, ती मोजणाऱ्या मशीनचा प्रोग्राम घाटनांदूरच्या एकानं लिहिला होता. भाषा सी प्लस प्लस. "लई मोकळी भाषा हाय," तो म्हणायचा, "कुठल्या बी रस्त्यानं जाऊ देती, पण खड्ड्यात चाललात तर हात धरत न्हाई." म्हणूनच की काय, प्रत्येक ओळीनंतर तो सेव्ह दाबायचा. चहा पिताना, बोलतानासुद्धा दाबायचा.

परवा मी दूध मापत असताना केंद्राचे चेअरमन माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "सगळ्यांची फॅट जरा कमी दिसू दे."

त्यानं लॅपटॉप उघडला आणि इतक्या वर्षांचा सगळा कोड, प्रोग्रामचं मूळ लिखाणच, पुसून टाकला. पेनड्राईव्हवरचासुद्धा! माझ्या हातातलं माप हातातच राहिलं.

"येडा हाईस का बे? मशीन बंद पडंल की!" चेअरमन ओरडले.

"न्हाई पडत. मी लिहिलेलं ते दूध हुतं. कॉम्प्युटरनं आटवून मशीनमधी भरला तो खवा. खव्याचं परत दूध होत न्हाई. आता मला बी त्यात बदल करता येत न्हाई."

मशीन खरंच चालू होती. मी त्याच्याकडं बघितलं. रिकाम्या स्क्रीनसमोर त्याचं बोट अजून सेव्ह दाबत होतं.